थंडीत चढणारा आलेख

प्रिय मित्रा,

तुझं पत्र येऊन महिना झाला. उत्तर लांबलं ते एका आलेखापायी, तेव्हा आधी त्याचंच ऐक.

तू विचारलंस, ताऱ्यांमधल्या दहा केल्विनच्या (म्हणजे उणे 263 अंश सेल्सिअसच्या) ढगात अभिक्रिया किती वेगाने होतात ते तुम्ही खोलीत बसून मोजता कसे? भांडं थंड करून भागत नाही. मी मिथेनॉल या साध्या अल्कोहोलची हायड्रॉक्सिलशी होणारी अभिक्रिया मोजतो, आणि थंड भांड्यात मिथेनॉल भिंतींवर गोठून बसतं आणि मोजायला काही उरत नाही. म्हणून भिंतच काढून टाकायची! लाव्हाल नोझलमधून, म्हणजे मध्ये निमुळत्या होऊन पुन्हा रुंदावणाऱ्या तोटीतून, निर्वात कोठीत सोडलेला वायू ध्वनीपेक्षा वेगाने सुटतो आणि प्रसरण पावता पावता गार होतो. 1980च्या दशकात फ्रान्समध्ये बर्ट्रांड रो यांनी ही युक्ती अभिक्रियांच्या मोजमापाला लावली. पंप मात्र राक्षसी लागतात, त्यांच्या घरघरीने माझे कान अजून वाजताहेत. शिवाय एका नोझलचं तापमान ठरलेलं. दुसरं हवं तर सगळं उघडा, नोझल बदला, दिवस गेला.

त्या गार झोतात एक लेसर हायड्रॉक्सिल मूलक (एक ऑक्सिजन, एक हायड्रोजन असे चटकन अभिक्रिया करणारे तुकडे) तयार करतो, दुसरा त्यांना चमकवतो. दोन्हींमधलं अंतर मायक्रोसेकंदांनी वाढवत न्यायचं आणि चमक कशी ओसरते ते पाहायचं. मिथेनॉल जितकं जास्त, तितकी ती लवकर ओसरते. त्यावरून वेग स्थिरांक, म्हणजे त्या तापमानाला अभिक्रिया किती वेगाने होते तो आकडा, निघतो.

आता गंमत. थंडीत अभिक्रिया मंदावते, हे आपण शाळेत घोकलं होतं. माझे बिंदू मात्र थंडीबरोबर वर चढले. 2013 साली इंग्लंडमधल्या लीड्सच्या गटाने हेच दाखवलं होतं: 63 केल्विनला वेग 200 केल्विनला असतो त्याच्या जवळपास शंभरपट. मी तो लेख वाचलेला, तरी चूक असेल म्हणून दोन दिवस वायूचा प्रवाह मोजणारे फ्लोमीटर खोलून बसलो! स्वतःच्या हातून आलेल्या बिंदूवर विश्वास बसणं वेगळंच असतं रे.

कारण असं की हायड्रॉक्सिल आणि मिथेनॉल हायड्रोजन बंधाने एकमेकांना सैलसर धरून राहतात. थंडीत ही जोडी जास्त वेळ टिकते, तेवढ्यात मिथेनॉलमधला हायड्रोजन ऊर्जेच्या अडथळ्यावरून न चढता आरपार निसटतो. यालाच टनेलिंग म्हणतात. मागे मिथेनॉलचा उरलेला तुकडा, मेथॉक्सी मूलक, उरतो, आणि तो अवकाशातही सापडला आहे.

एक शंका मात्र छळते. आमच्या झोतातला वायू त्या ढगांपेक्षा कितीतरी दाट. इतर रेणूंच्या धडकांनी ती जोडी नुसतीच पक्की होत असेल, तर मी मोजलेला वेग अवकाशाच्या काय कामाचा? म्हणून तापमान तेच ठेवून घनता बदलायची आणि वेग हलतो का ते बघायचं. सोमवारी नवं नोझल बसवतोय.

तुझ्या पाठदुखीचं काय झालं ते सविस्तर कळव.

तुझाच,
मित्र