लालबागेला या, पण प्रदर्शन उठल्यावर

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

बंगळूरची लालबाग बघायची ती २६ जानेवारीच्या पुष्पप्रदर्शनातच, हे बाबांनी मनात धरलंय ते आधी काढून टाका. त्या दिवसांत अख्खं बंगळूर तिथे लोटतं आणि पुढच्या माणसाची पाठ बघत पुढे सरकावं लागतं. कुंड्यांतली फुलं कुठेही मिळतील. लालबागेत बघायची ती झाडं, आणि त्यांचा खरा बहर प्रदर्शन उठल्यावर असतो. फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा ते मार्चचा पहिला आठवडा धरा. गोव्यात काजूचं काम तोवर अंगावर आलेलं नसतं. होळीचा शिगमो कधी ते पंचांगात बघून परतीची तारीख ठरवा.

या दिवसांत बघायचा तो गुलाबी टॅबेबुया. हे मूळचं मध्य आणि दक्षिण अमेरिकेकडचं झाड. कोरड्या हवेत पानं झाडतं आणि मग सगळं झाड फुलांनीच भरतं. बहर मोजक्या दिवसांचा, तोही सगळ्या झाडांवर एकदम येत नाही. एक उतरतं तेव्हा दुसरं धरतं, म्हणून एखाद्या आठवड्याने इकडेतिकडे झालं तरी काही बिघडत नाही. बिघडतं ते अवकाळी सर आली तर. एका रात्रीत फुलांचा सडा पडतो आणि फांद्या रिकाम्या. पिवळा टॅबेबुया याच सुमाराला फुलतो, जॅकरांडा मात्र मार्च-एप्रिलमध्ये, तेव्हा निळ्याजांभळ्या झाडांचा हट्ट धरू नका. आई, खाली पडलेलं एखादं गुलाबी फूल हातात घेऊन बघ. पाकळी चुरगळलेल्या पातळ कागदासारखी असते. ताज्या फुलाचा घसा पिवळा असतो, जुनं झालं की पांढरा पडतो. देवाला म्हणून गोळा मात्र करू नकोस, तासाभरात माना टाकतात, आणि झाडावरचं तोडायला तर बंदीच आहे.

बाग २४० एकरांची. एका दिवसात उरकायला गेलात तर बाबांचे गुडघे संध्याकाळी बोलू लागतील. दोन सकाळी करा.

पहिल्या दिवशी तळं. मेट्रोच्या हिरव्या मार्गावर लालबाग स्टेशन आहे, तिथून पश्चिमेचं गेट चालत गाठता येतं. बाग सकाळी ६ वाजता उघडते, सातच्या आत आत शिरा. काठावरच्या गुलाबी झाडांचं प्रतिबिंब वारा सुटेपर्यंतच नीट दिसतं, ऊन चढलं की पाण्यावर नुसती तिरीप. पाणकावळे, बगळे, जांभळ्या पाणकोंबड्या दिसतील. बाबा, आपल्या करमळीच्या तळ्याशी तुलना करायची नाही, हे शहराच्या पोटातलं पाणी आहे. काठाने सावकाश चाला आणि बाक दिसला की बसा, दमण्याची वाट बघू नका.

दुसऱ्या दिवशी मुख्य गेट. आत शिरल्यावर तो उघडा खडक आहे, सुमारे ३०० कोटी वर्षांचा, भूवैज्ञानिक स्मारक म्हणून जाहीर झालेला. वर, बंगळूर वसवणाऱ्या केंपेगौडांच्या नावाचा छोटा मनोरा. मनोऱ्यापर्यंत गेलंच पाहिजे असं नाही. चढताना त्रास होत नाही, उतरताना सगळा भार गुडघ्यावर येतो. उतरायचं तर सरळ खाली नको, तिरकं, नागमोडी. पायात रबरी तळाचे बूट हवेत, चामड्याच्या चपला घासून गुळगुळीत झालेल्या दगडावर सटकतात. नऊनंतर दगड तापायला लागतो. पायथ्याशी वाकून पाहिलं तरी फिकट आणि काळसर पट्टे एकाआड एक दिसतात, मला वरच्या देखाव्यापेक्षा तेच आवडतात.

मग ग्लास हाऊस. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या धर्तीवरचं, पायाभरणी १८८९ची. प्रदर्शन नसताना ते जवळजवळ रिकामं असतं आणि तेव्हाच त्याचा लोखंडी सांगाडा नीट बघता येतो. बाग मात्र त्याहून जुनी, हैदर अलीने १७६० मध्ये सुरू केलेली. पुढे क्रुम्बिगेल नावाच्या जर्मन उद्यानतज्ज्ञाने शहरात अशी झाडं लावण्यावर भर दिला की एकाचा बहर सरला की दुसऱ्याचा सुरू व्हावा. म्हणून गेटाबाहेरचे रस्तेही बघत चला. पाय दुखले तर बॅटरीवरची गाडी मिळते, पण ती झाडाखाली थांबत नाही, म्हणून आधीच तिच्यात बसू नका. बाहेर पडल्यावर जवळच एमटीआर हे उपाहारगृह आहे. रांग असतेच. पातळभाजी-पावाची आठवण न काढता रवा इडली मागवा.

हवेचं एक लक्षात ठेवा. बंगळूर ९०० मीटरहून उंचावर आहे आणि या दिवसांत हवा कोरडी. गोव्यासारखा घाम अंगावर दिसत नाही, म्हणून पाणी प्यायचं राहून जातं आणि दुपारी डोकं धरतं. दोघांच्या हातात वेगळी बाटली हवी. सकाळी स्वेटर लागेल, अकराला तो ओझं होईल, तेव्हा कापडी पिशवी आणा. उंच झाडांवर आग्यामोहळं असतात, अत्तर लावून जाऊ नका.

आणि आई, पिवळ्या टॅबेबुयाचं रोप न्यायचं मनात आणू नकोस. मुळं घट्ट धरत नाहीत, आपल्याकडच्या पहिल्या वादळी पावसात आडवं होतं. तुझी सुरंगी बरी.

वास्कोहून यशवंतपूरची गाडी घ्या. यशवंतपूरची मेट्रो त्याच हिरव्या मार्गावर आहे, मध्ये बदलावी लागत नाही. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. ज्येष्ठांच्या कोट्यातून खालचे बर्थ मागा, पण तिकीट तुमच्या दोघांपुरतंच काढा. काकूचं नाव त्यात घातलंत तर तिघांनाही तो कोटा मिळत नाही, तिचं वेगळं काढा.

तुमची,
बाय