कायोटीसाठी पिपाणी की मशीन?

ॲमरिलो, टेक्सास
12 ऑक्टोबर

प्रिय सुध्या,

तुझा प्रश्न एका ओळीचा आहे: कायोटीला, म्हणजे इकडच्या कोल्ह्यासारख्या रानटी जनावराला, बंदुकीच्या टप्प्यात बोलवायला ई-कॉलरवर (आवाज वाजवणाऱ्या मशीनवर) साडेतीनशे डॉलर घालू की तोंडाने वाजवायच्या वीस डॉलरच्या पिपाणीवर भागवू? माझं उत्तरही थोडक्यात आहे. एकटा बसणार असशील तर मशीन घे. भाचा सोबत असेल तोवर मशीनची घाई करू नकोस. पण दोन्ही बाबतीत पहिली खरेदी ओपन रीडची, म्हणजे उघड्या पट्टीच्या पिपाणीचीच.

दुकानातला माणूस तुला सांगेल की मशीनमध्ये शंभर आवाज आहेत. त्या शंभरातले सहा-सात तू वापरशील. मशीनचे पैसे द्यायचे ते वेगळ्या गोष्टीसाठी. आवाज कुठून आला हे कायोटीला लांबूनही नेमकं कळतं. पिपाणी तू वाजवतोस तेव्हा त्याचे डोळे, कान आणि शेवटी नाक, सगळं तुझ्यावर रोखलेलं असतं. बंदूक उचलायला हात हलला की खेळ संपला. मशीन चाळीस यार्डांवर असेल तर तो तिकडे बघत येतो आणि तुला हलायला दोन-तीन सेकंद मिळतात.

त्याहून मोठा प्रश्न वाऱ्याचा आहे. कायोटी सरळ आवाजावर क्वचितच धावून येतो. तो वळसा घालून वाऱ्याच्या खालच्या अंगाला (वारा जिकडे वाहतो तिकडे) जातो आणि वास घेऊन खात्री करतो. तुझ्या केरव्हिलच्या जमिनीवर हे असं बसव: समोर मोकळी पट्टी, पाठीला सिडारचं दाट झुडूप, वारा डावीकडून उजवीकडे. मशीन तुझ्या डाव्या हाताला पुढे तीस-चाळीस यार्डांवर ठेव. कायोटी मशीनचा वास घ्यायला तिच्या उजवीकडे जाणार, म्हणजे बरोबर तुझ्यासमोरच्या पट्टीत येणार. तुझा स्वतःचा वास उजवीकडे वाहतोय, तिथे तो पोचायच्या आत तुला निर्णय घ्यायचा आहे. मशीन उजवीकडे ठेवलंस तर तो अजून उजवीकडे जाऊन तुझ्याच वासात शिरेल आणि तुला शेपूटसुद्धा दिसणार नाही. लोक म्हणतात मशीनने कायोटी येत नाहीत. बहुतेक वेळा ते आलेले असतात, खालच्या वाऱ्याने परत गेलेले असतात.

पट्टी सोडून दाट झाडोऱ्यात बसलास तर पंचवीस-तीस यार्ड पुरे, आणि हाताशी रायफलीबरोबर बारा बोअरची छऱ्यांची बंदूकही असू दे. इकडे आमच्या उघड्या माळावर साठ-सत्तर यार्डही चालतात. ताशी पंधरा मैलांच्या वर वारा असेल तर घरी बस. आवाज पोचत नाही आणि जो येतो तो कुठून येतोय ते दिसत नाही.

आता दोघांचं बघ. भाच्याच्या हातात पिपाणी देऊन त्याला झुडपात मागे, वाऱ्याच्या वरच्या बाजूला बसव. तू बंदूक घेऊन त्याच्यापासून चाळीस यार्ड खालच्या वाऱ्याला, पट्टी दिसेल असा बस. मशीन जे काम करतं तेच झालं, फुकटात. म्हणून म्हटलं, घाई नको. एक अट मात्र पाळायची: दोघांनी एकमेकांची जागा बघूनच बसायचं, भाच्याच्या बाजूला नळी वळवायचीच नाही, आणि तू हाक मारेपर्यंत त्याने उठायचं नाही.

पिपाण्यांचे प्रकार तीन. क्लोज्ड रीडमध्ये धातूची पट्टी आत बंद असते. फुंकलं की सशाचा आक्रोश निघतो, शिकायला पाच मिनिटं लागतात. पण त्यातून एकाच जातीचा आवाज येतो, आणि थंडीत श्वासाचा ओलावा पट्टीवर गोठून ऐन वेळी पिपाणी मुकी होते. ती कोटाच्या आत, छातीशी ठेवायची, आणि वाजवून झाली की उलटी धरून झटकायची. डायफ्रॅम, म्हणजे पातळ पडद्याची पिपाणी, तोंडात टाळूला लावायची असते. दोन्ही हात मोकळे राहतात, पण काहींना उमासे येतात आणि जमायला वेळ लागतो.

ओपन रीडवर जीव लाव. त्यात प्लास्टिकची पातळ पट्टी उघड्या खोबणीवर बसवलेली असते आणि सगळी सूत्रं ओठांकडे असतात. टोकाजवळ हलकं दाबलंस तर कंप पावणारा भाग आखूड राहतो आणि उंदराची चिरचिर निघते. मध्यावर आलास की ससा. आणखी आत, पट्टी जिथे घट्ट बसवली आहे तिकडे सरकलास की आवाज जाड होतो: पाडसाचं ओरडणं, पिल्लाचं केकाटणं, आणि पुढे मोठा कर्णा असेल तर आरोळीसुद्धा. श्वास पोटातून सोडायचा, गाल फुगवायचे नाहीत. सशाचा आवाज म्हणजे एकसुरी शिट्टी नव्हे. प्रत्येक किंकाळी वर चढून तुटायला हवी, आणि मुठीने पिपाणीचं तोंड उघडबंद केलं की तिच्यात कळवळा येतो. वीस-तीस सेकंद वाजव, मग दीड-दोन मिनिटं गप्प बस. नवशिके गप्प बसत नाहीत, हीच त्यांची मोठी चूक. आवाज अचानक घोगरा झाला किंवा अडकला तर पट्टीखाली लाळ किंवा तंबाखूचा कण गेलेला असतो. डॉलरची कोरी नोट पट्टीखाली सरकवून ओढली की ती साफ होते. पट्टी जागची हलवू नकोस, नाहीतर सूर परत जुळवत बसशील.

आपल्याकडे फासेपारधी तोंडाने तित्तराची हाक देत, त्यांना कुठलं मशीन ठाऊक होतं? पण आता 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तिकडे कोल्ह्याची शिकार गुन्हा आहे, तेव्हा यातलं काहीही गावाकडच्या पोरांना सांगत बसू नकोस.

पिपाणी की मशीन हा वादही तुझ्या दाराशीच सुरू झालेला आहे, ही गंमत. तुझ्यापासून दोन तासांवरच्या मार्बल फॉल्सचे मरी आणि विन्स्टन बर्नहॅम हे भाऊ 1950 च्या दशकात पिपाण्या विकून देशभर गाजले. 1960 च्या दशकात वेकोच्या जॉनी स्टुअर्टने जनावरांच्या खऱ्या आवाजांच्या तबकड्या काढल्या आणि लोक रेकॉर्ड प्लेअर घेऊन रानात जाऊ लागले. मग कॅसेट आली, मग पेनसिल्व्हेनियाच्या फॉक्सप्रोसारख्यांची रिमोटवर चालणारी डिजिटल मशीनं.

मशीन घेशीलच तेव्हा आवाजांची संख्या बघू नकोस. रिमोट बघ: मोठं बटण, हातमोजे घालून दाबता येईल असं, आणि आवाज एकदम बंद करणारं वेगळं बटण. खोक्यावर लिहिलेला रिमोटचा पल्ला मोकळ्या मैदानातला असतो. सिडारच्या जाळीत, रिमोट मांडीआड धरला असताना तो बराच घटतो. घरामागे झाडीत ठेवून आधीच तपास. स्पीकर पूर्ण आवाजात फाटतो का ते ऐक. फाटलेला ससा कुणी खात नाही. कर्ण्याचा स्पीकर सशाची किंकाळी लांब फेकतो, पण आरोळीतला खर्ज साध्या शंकूच्या (कोन) स्पीकरला जास्त चांगला जमतो. दोन्ही असतील तर उत्तम.

मशीन जमिनीवर टेकवू नकोस. गवत आवाज खातं, आणि तुझ्याकडच्या लाल मुंग्या पाच मिनिटांत त्याचा ताबा घेतील. कुंपणाच्या खांबावर किंवा झुडपात गुडघाभर उंचीवर ठेव. शेजारच्या रानात गुरं असतील तर ती कुतूहलाने मशीनभोवती गोळा होतात आणि एखादी कालवड त्यावर पायही देते. तिथे पिपाणीच बरी. साध्या अल्कलाइन बॅटऱ्या थंडीत माना टाकतात. लिथियम घाल, किंवा चार्ज होणाऱ्या घातल्यास तर रोज रात्री चार्जिंगला लाव. रिमोटची बॅटरी लोक हमखास विसरतात. बसल्यावर आधी आवाज पूर्ण खाली आणून मगच मशीन चालू कर. आदल्या दिवशी पूर्ण मोठा ठेवलेला आवाज पहिल्याच सेकंदाला फुटला तर जवळ झोपलेला कायोटी पुढच्या काउंटीत जातो.

एक बैठक साधारण अशी लाव. पोचल्यावर तीन-चार मिनिटं काहीच नको, रान शांत होऊ दे. मग एकट्या कायोटीच्या दोन साध्या आरोळ्या आणि दोन मिनिटं शांतता. नंतर उंदराची चिरचिर अगदी हळू, कारण एखादा दीडशे यार्डांवरच असू शकतो. मग कॉटनटेल ससा, पूर्ण आवाजाच्या चौथ्या हिश्शापासून सुरू करून हळूहळू वर. शेवटची तीन मिनिटं पिल्लाचं केकाटणं. एकूण पंधरा-वीस मिनिटं. कुणी आलं नाही तर अर्धा-पाऊण मैल पुढची जागा घे. गोळी झाडल्यावर लगेच उठू नकोस. केकाटण्याचा आवाज पुन्हा दोन मिनिटं लाव; जोडीतला दुसरा बरेचदा तिथेच असतो.

ऋतू बघूनच आवाज निवड. आता ऑक्टोबरात या वर्षीची पिल्लं आईबापांपासून फुटून भटकताहेत, त्यांना नुसता ससा पुरतो. आव्हानाची आरोळी दिलीस तर तीच बिचारी घाबरून पळतील. जानेवारी-फेब्रुवारी जोड्या जमण्याचा काळ, तेव्हा आरोळ्यांना उत्तर मिळतं. पुढे मे-जूनमध्ये हरणाची पाडसं पडतात, कायोटीची पिल्लं बिळाबाहेर येतात आणि पाडसाचा किंवा पिल्लाचा आवाज आईबापांना खेचून आणतो.

मशीनचा खरा तोटा असा की तुझ्या आजूबाजूच्या प्रत्येक डिअर लीझवर (हरणाच्या शिकारीसाठी भाड्याने घेतलेल्या जमिनीवर) तेच मशीन आणि यादीतला तोच पहिला ससा वाजतो. एकदा त्या आवाजावर गोळी चुकलेला कायोटी तो आवाज ओळखून ठेवतो. मग तो तीनशे यार्डांवर बसून बघत राहतो, पुढे येत नाही. अशा वेळी मशीन बंद कर आणि खिशातल्या पिपाणीवर अगदी हळू, तुटक चिरचिर काढ. हाताच्या मागच्या बाजूवर ओठ लावून चुंबनासारखा आवाज काढलास तरी चालेल. तोंडच्या आवाजात दोन श्वास सारखे नसतात, म्हणून तो नवा वाटतो. पिपाणी आधी शिक म्हणतो ते यासाठीच. धावत आलेल्याला थांबवायलाही तोंडच लागतं: एकच जाड ‘वुफ’, आणि बंदूक आधीच खांद्याला लागलेली.

तुझ्या शेळ्यांच्या बाबतीत एक गोष्ट कुणी सांगणार नाही. मशीनच्या यादीत करडाचा आक्रोश असतोच. तो कळपाच्या आसपास कधीही लावू नकोस. व्यालेल्या शेळ्या कुंपणावर धडका देतील आणि राखणीचे ग्रेट पिरिनीज कुत्रे थेट मशीनवर चालून येतील. पहाटेच्या अर्धवट उजेडात पांढरा कुत्रासुद्धा राखाडी दिसतो. बसायच्या आधी कुत्री बंद कर, शेजाऱ्याच्या कुत्र्यांची चौकशी कर, आणि डोकं, खांदा, शेपूट तिन्ही दिसल्याशिवाय बोट ट्रिगरवर नेऊ नकोस. आरोळी दिलीस की कुत्री भुंकायला लागतात, आणि मग कायोटी त्या बाजूने येत नाही. म्हणून कळपापासून निदान अर्धा मैल लांब बस.

खरेदीचा क्रम: ओपन रीड एक, वीस डॉलरपर्यंत. लहान रबरी फुग्याचा स्क्वीकर (दाबला की चिरचिरणारा) एक, तो बंदुकीच्या दस्त्याला टेपने चिकटव. बसायला गादी, कारण वीस मिनिटं न हलणं हे यातलं सर्वांत अवघड काम आहे. जानेवारीत हे सगळं हाताला बसलेलं असेल आणि भाचा कॉलेजला परत गेलेला असेल, तेव्हा मशीन घे. फार महाग नको. मधल्या किमतीचं पण चांगल्या रिमोटचं.

तुझा,
विन्या

ता. क. परवान्याचं विसरू नकोस. टेक्सासमध्ये कायोटीला बंद मोसम नाही, ई-कॉलरही चालतो, आणि पाळीव जनावरांवर हल्ला करणाऱ्या किंवा नुकताच केलेल्या कायोटीसाठी शिकारीचा परवाना लागत नाही. पण त्या सवलतीवर भाच्याचं भागणार नाही. पुढच्या वर्षी तो नोकरीला लागून एच-वन-बीवर आला, तर तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला बंदूक बाळगायला फेडरल कायद्याने मनाई आहे. शिकारीचा वैध परवाना जवळ असेल तरच सूट मिळते. आजच्या त्याच्या विद्यार्थी व्हिसालाही तेच लागू. त्याला आधी हंटर एज्युकेशनचा कोर्स करायला लाव, मग परवाना काढ, आणि तोवर त्याच्या हातात फक्त पिपाणी दे. परवान्याची मुदत 31 ऑगस्टला संपते, कधीही काढला तरी.