सहा तास नव्हे, साडेपंधरा!

मा. संपादक,

गेल्या जुलैत माझी थोरली बहीण (वय ७४) मुलीकडे न्यूयॉर्कला गेली. तिकीट काढून देणाऱ्याने कागदावर लिहून दिले होते : मुंबई सुटणे रात्री ११, पोहोचणे पहाटे ५. अक्काने हिशेब केला, सहा तास. तिला मधुमेह आहे. इन्सुलिन, खाणे, सगळे तिने त्याच बेताने हातातल्या पिशवीत घेतले, उरलेले मोठ्या बॅगेत. मी कागद पाहिला म्हणून बरे. दोन्ही वेळा आपापल्या गावच्या होत्या. उन्हाळ्यात न्यूयॉर्कचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असते, म्हणजे प्रवास साडेपंधरा तासांचा! आम्ही बॅग पुन्हा उघडली नसती तर?

मी तीस वर्षे भूगोल शिकवला. पृथ्वीगोलावर मुंबई ते न्यूयॉर्क दोरा ताणून धरा. तो अरबी समुद्रावरून सरळ पश्चिमेला जात नाही, पार वर स्वीडन-फिनलंडपर्यंत चढून मग खाली उतरतो. हेच सर्वांत कमी अंतर, सुमारे साडेबारा हजार किलोमीटर. भिंतीवरच्या सपाट नकाशात ते दिसतच नाही. परतताना पश्चिमेकडून वाहणारे उंचावरचे जोरदार वारे पाठीशी असल्याने बहुधा वेळ कमी लागतो.

प्रवासी कंपन्यांनी वेळापत्रकाच्या कागदावर एकूण तास मराठीत, ठळक अक्षरांत लिहावेत. एकट्याने निघणाऱ्या आजी-आजोबांसाठी एवढे कराच.

– एक निवृत्त भूगोल शिक्षक, सातारा