स्लीव्हनंतर काय आणि कसं खायचं

प्रिय मित्रा,

स्लीव्हची, म्हणजे वजन कमी करण्यासाठी जठर लहान करायच्या ऑपरेशनची, तारीख ठरल्याचं कळलं, बरं वाटलं. ऑपरेशन सर्जन करतील, पण नंतरचं खाणं तुलाच सांभाळायचंय, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

या ऑपरेशनात जठराचा 75 ते 80 टक्के भाग काढून टाकतात. उरते ती केळ्याएवढी नळी. तिच्यात जेमतेम 100 ते 150 मिली मावतं. प्रथिनं मात्र रोज 60 ते 80 ग्रॅम लागतातच. त्यामुळे आधी अंडं, मासा, डाळ किंवा दही, मग भाजी. भात-ब्रेड जागा उरली तरच. आधी पातळ पेयं, मग दाट द्रव, मग मिक्सरमधून काढलेलं, मग मऊ, आणि साधारण सहा ते आठ आठवड्यांनी नेहमीचं जेवण. तुझ्या डॉक्टरांचं वेळापत्रक वेगळं असेल तर तेच पाळ. आतले टाके भरून यायचे असतात, तिथे घाई नको.

खरी सवय लावायची ती घासाची. चहाच्या चमच्यावर अर्धाच घास घे, तोंडात त्याची पेस्ट होईपर्यंत चाव, चमचा खाली ठेव, मिनिटभर थांब. जेवण 20 ते 30 मिनिटं चालू दे. पोट भरल्याची खूण आता वेगळी असते: छातीच्या हाडामागे दाब, उचकी, कधी नाकाला पाणी. तिथेच थांब. पुढचा एक घास म्हणजे कळ आणि फेसाळ उलटी. कोरडं चिकन आणि मऊ ब्रेड यांनी हे हमखास होतं, कारण ब्रेडचा आत चिकट गोळा होतो.

पाणी दिवसभरात किमान दीड लिटर, पण घोटाघोटाने. जेवताना नाही, जेवणानंतर अर्धा तास नाही. नाहीतर ते प्रथिनांची जागा खातं. चिप्स, बिस्किटं, आइस्क्रीम यांपासून जप. ते सहज खाली सरकतं, पोट भरल्याचं कळतच नाही, आणि वजन परत येतं ते बहुतेक अशाच वाटेने.

जीवनसत्त्वं आणि खनिजांच्या गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतील. जठर लहान झाल्यामुळे बी-12 नीट शोषलं जात नाही. कॅल्शियम सायट्रेट एका वेळी 500 मिग्रॅच्या आसपास घे, आणि लोहाची गोळी त्यापासून दोन तास लांब ठेव, कारण दोन्ही एकमेकांच्या आड येतात. तिसऱ्या महिन्यापासून केस गळायला लागले तर घाबरू नकोस, बहुतेकांचे परत येतात. प्रथिनं आणि लोह तेवढं तपासून घे.

एक गोष्ट मात्र अजिबात अंगावर काढू नकोस. दोन-तीन दिवस उलट्या थांबल्या नाहीत तर लगेच दवाखान्यात जा आणि वजनाचं ऑपरेशन झालंय हे आधी सांग. शरीरातलं थायमिन (जीवनसत्त्व बी-1) काही आठवड्यांतच संपतं, आणि त्याने मेंदूला कायमची इजा होऊ शकते. ग्लुकोजची सलाईन लावण्याआधी थायमिन द्यावं लागतं, हे सोबतच्या माणसालाही आत्ताच सांगून ठेव.

पहिला महिनाभर किती मिली पाणी आणि किती ग्रॅम प्रथिनं गेली, ते रोज वहीत लिही. दर रविवारी मला पाठव, मी बघतो.

तुझाच,
मित्र