आकस येत नाही, धरावा लागतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

भांडणाच्या बातम्यांत 'आकसापोटी' हा शब्द हल्ली सर्रास वाचायला मिळतो. शब्दाने शब्द वाढला, तिथल्या तिथे हात उचलला गेला, तरी छापून येते 'आकसापोटी मारहाण'. हा आकस नव्हे, हा राग. राग येतो, डोक्यात जातो आणि निवतोही. आकस कधी 'येत' नाही. तो धरतात, ठेवतात, मनात बाळगतात. क्रियापदातच सगळा निवाडा आहे. रागाच्या भरात असे झाले म्हणून माणसाला माफ करता येते. आकसाला ती सवलत नाही, कारण तो जपलेला असतो. म्हणूनच कुणाच्या माथी हा शब्द मारणे हा मोठा आरोप आहे.

बाकीचे शब्दही असेच आपापल्या क्रियापदाला धरून आहेत. अढी बसते, ती कोणी मुद्दाम बसवत नाही. डूख मात्र धरतात, सापासारखा, संधीची वाट पाहत. वितुष्ट दोघांत येते; त्यामुळे 'त्याच्या मनात वितुष्ट होते' असे वाक्य कानाला खटकते. सल हा शब्द संस्कृत 'शल्य'वरून आला. शल्य म्हणजे बाणाचे टोक. ते ज्याला रुतले त्यालाच सलत राहते, दुसऱ्याचे वाईट चिंतणे त्यात कुठेच नाही. तरीही 'मनात सल धरून सूड उगवला' असे वाक्य मी छापलेले पाहिले आहे.

माझी आई आणि मावशी एका वाटणीवरून अबोल झाल्या त्या नऊ वर्षे. मावशी आजारी पडली तेव्हा आई आपणहून गेली. रात्रभर उशाशी बसली, कपाळावरच्या घड्या बदलत राहिली, दर दोन तासांनी औषध दिले. बोलली मात्र एक शब्द नाही. पहाटे घरी आल्यावर मी म्हटले, "एवढा आकस आहे तर गेलीस कशाला?" आई माझ्यावर उखडली. "आकस असता तर गेले असते का? अढी आहे माझ्या मनात. आकस म्हणू नकोस." दोन्ही शब्द एकाच अर्थाचे, असे मी तोवर समजत होते.

बातमीदाराला उचललेला हात दिसतो, फेकलेला दगड दिसतो. मनात कोणी किती दिवस काय जपले होते, हे त्याला कसे दिसणार? तक्रारदार म्हणत असेल, तर 'आकसापोटी मारहाण केल्याची तक्रार' असे लिहावे. मथळ्यात दोन शब्द वाढतील, तर वाढू द्यावेत. आणि भांडण त्याच वेळी पेटलेले असेल तर 'रागाच्या भरात' हे साधे शब्द आहेतच. आपल्या वृत्तसंपादकांनी एवढे पाहावे, ही कळकळीची विनंती.

आपली नम्र,
एक नियमित वाचक