कोश शेवटी उघडा

महोदय,

नाशिकमध्ये बायबलच्या नव्या कराराचे (मूळ ग्रीक भाषेतल्या उत्तरार्धाचे) अभ्यासवर्ग घेणाऱ्यांना कळकळीची विनंती : ग्रीक शब्दाचा कोशातला अर्थ थेट वचनावर लादू नये. ‘अगापाओ’ म्हणजे दैवी प्रेम आणि ‘फिलेओ’ म्हणजे मैत्री, असे सर्रास शिकवले जाते. पण पित्याची (देवाची) पुत्रावरील (येशूवरील) प्रीती सांगताना योहानाच्या शुभवर्तमानात ३:३५ मध्ये पहिले क्रियापद आहे, तर ५:२० मध्ये दुसरे! जुन्या कराराच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात तर अम्नोनाच्या सावत्र बहिणीवरील वासनेलाही (२ शमुवेल १३) ‘अगापे’च (‘अगापाओ’चे नाम) म्हटले आहे. बायबलमधील प्रत्येक मूळ शब्दाला क्रमांक देणाऱ्या स्ट्राँगच्या सूचीतील क्रमांकांवरून (‘अगापाओ’ २५, ‘फिलेओ’ ५३६८) मूळ शब्द सापडतो, त्या वचनातला अर्थ नव्हे. आधी पूर्ण परिच्छेद वाचावा, मग त्याच लेखकाने तो शब्द आणखी कुठे वापरला ते शब्दसूचीत पाहावे, कोश त्यानंतर.

– काही अभ्यासक, शरणपूर, नाशिक