मुक्तास, शाळेत नाव घालण्याआधी

देवगड

चि. मुक्तास अनेक आशीर्वाद.

व्यावसायिक पाणबुडे घडवणाऱ्या त्या डायव्हिंग स्कूलचं माहितीपत्रक मिळालं. निळंशार पाणी, पिवळं हेल्मेट आणि खाली ‘शंभर टक्के नोकरी’. ते शेवटचं वाचलं की मी आधी खिसा चाचपतो.

तारकर्लीला तू पर्यटकांना पाण्यात नेतेस ते पाठीवरच्या सिलिंडरवर. जेटीचे खांब तपासणं, जहाजाचा तळ घासणं, पाइपलाइनचे बोल्ट आवळणं, ही कामं बहुतेक वरून नळीने येणाऱ्या हवेवर चालतात. त्या नळीच्या जुडग्याला अंबिलिकल म्हणतात; त्यात हवेसोबत बोलायची तार असते, खोली मोजायची नळी असते आणि वर टेंडर, म्हणजे पाणबुड्याचा मदतनीस, ते हातात धरून उभा असतो. तुझी स्कूबाची कार्डं इथे फारशी चालणार नाहीत. म्हणून शाळेला पहिलं हेच विचार: सरफेस सप्लायवर, म्हणजे या वरून येणाऱ्या हवेवर, एकेका मुलाला पाण्याखाली किती मिनिटं मिळतात, आणि ती पूलमध्ये की समुद्रात? पावसाळ्यानंतरच्या खाडीत स्वतःचा हात दिसत नाही, आणि बंदरातलं पाणी तसंच असतं. चाचपडत नट बसवायला शिकवत नसतील तर फी कसली घेतात?

दुसरं, तिथल्या शिक्षकाला पाण्याच्या ओढीबद्दल विचार. धरणाच्या दाराशी किंवा पंपाच्या तोंडाशी दोन बाजूंच्या दाबात फरक असला की पाणबुड्या तिथे चिकटतो, आणि वरून कितीही ओढलं तरी सुटत नाही. काम सुरू करण्याआधी पंप बंद करून त्याला कुलूप लावायचं असतं. शिक्षक यावर तासभर बोलला तर शाळा बरी समज. डीकम्प्रेशन चेंबर, म्हणजे पाणबुड्याच्या अंगावरचा दाब हळूहळू उतरवायची बंद टाकी, तोही नुसता दाखवून भागवू देऊ नको, चालवून दाखवायला सांग.

कागदाचं म्हणशील, तर पत्रकावर आयएमसीएचा शिक्का आहे. ती समुद्रातली कामं करणाऱ्या कंत्राटदारांची आंतरराष्ट्रीय संघटना, स्वतः शाळा चालवत नाही. तिचं सदस्य असणं वेगळं आणि सर्टिफिकेटला तिची मान्यता असणं वेगळं. तुला मिळणाऱ्या सर्टिफिकेटचं नेमकं नाव तिच्या यादीत आहे का, ते स्वतः बघ.

मुंबई हायच्या समुद्रातल्या तेलक्षेत्रावरच्या पगाराचे आकडे एजंट तोंडावर फेकेल. तिथे पाणी ७५ मीटरच्या आसपास, आणि साध्या हवेवर ५० मीटरच्या खाली जायचं नसतं. पुढचं सॅच्युरेशनवाल्यांचं, २८ दिवसांपर्यंत चेंबरात राहून हेलियम आणि ऑक्सिजनचं मिश्रण घेणाऱ्यांचं. ते काम नव्या पोरांना देत नाहीत, आधी हवेवरची काही वर्षं काढावी लागतात. तोवर हाताला वेल्डिंग असलेलं बरं. बॅच सुरू होईपर्यंत माझ्या वर्कशॉपात ये, कोरड्यावर तरी शिक.

बार्जवर एकटी मुलगी कशी राहणार, हे आई रोज विचारते. मला उत्तर सुचत नाही. तिथून पास झालेल्या एखाद्या मुलीचा नंबर शाळेकडे माग. नाही दिला तर तेही कळव.

टोकन भरू नको. तुझा कानाचा आणि फुफ्फुसांचा रिपोर्ट आधी येऊ दे, मग दोघं जाऊन शाळा बघू. सर्दी असेल तर तपासणीची तारीख पुढे ढकल.

तुझा,
बाबा